युद्धवार्तेतील इंग्रजी शब्द नेमके कसे शिकावेत

इंग्रजी वृत्तपत्रातील युद्धाची बातमी वाचताना बहुतेक शब्द ओळखीचे वाटतात आणि वाचक पुढे सरकतो. परंतु सैन्याच्या व्यवहारात या शब्दांचे अर्थ बरेचदा वेगळे आणि फार काटेकोर असतात. भाषांतराचे काम नुकतेच हाती घेतले होते, त्या काळात मी ‘कॅज्युअल्टीज’ या शब्दाचे मराठी ‘मृत’ असे केले होते. मजकूर छपाईला जाण्यापूर्वी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मूळ परिच्छेद पुन्हा वाचायला लावला, तेव्हा दोन वाक्यांनंतर मृतांचा आकडा स्वतंत्रपणे दिलेला आढळला आणि तो माझ्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी होता. एका शब्दाच्या चुकीने शेकडो जिवंत माणसे मी कागदावर मारली होती. तेव्हापासून युद्धविषयक प्रत्येक इंग्रजी शब्दाची सीमारेषा तपासून घेण्याची सवय लागली, आणि ती सवय कशी लावून घ्यावी हेच येथे सांगायचे आहे.

त्या शब्दापासूनच सुरुवात करू. ‘कॅज्युअल्टी’ म्हणजे लढाईत निकामी झालेली व्यक्ती. सैन्याच्या हिशेबात ठार झालेले, जखमी झालेले, बेपत्ता असलेले आणि शत्रूच्या हाती सापडलेले असे सर्व जण त्यात मोजले जातात. १ जुलै १९१६ रोजी, पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये झालेल्या सोमच्या लढाईच्या पहिल्या दिवशी, ब्रिटिश सैन्याच्या ‘कॅज्युअल्टीज’ ५७,४७० होत्या आणि त्यांपैकी मृत होते १९,२४०. हे दोन आकडे शेजारी ठेवले की शब्दाची व्याप्ती कायमची लक्षात राहते. मराठीत याला जवळचा शब्द आहे ‘हताहत’. हत म्हणजे मेलेले आणि आहत म्हणजे घायाळ झालेले. बेपत्ता आणि कैद झालेले त्यात येत नाहीत, म्हणून मूळ मजकुरात तेही धरलेले असतील तर तसे वेगळे लिहावे लागते. केवळ मृत्यू सांगायचा असेल तेव्हा इंग्रजी ‘फेटॅलिटी’ म्हणते किंवा सरळ ‘किल्ड’ म्हणते. ‘किल्ड इन ॲक्शन’ म्हणजे लढता लढता मेलेला, आपल्या भाषेत धारातीर्थी पडलेला. तळावर आजाराने किंवा अपघाताने मेलेल्या सैनिकाला हे शब्द लावत नाहीत. ‘वूंडेड’ आणि ‘इंजर्ड’ या दोन्हींना आपण जखमी म्हणतो, पण शस्त्राने झालेली जखम पहिल्या शब्दात येते आणि गाडी उलटून हात मोडला तर दुसरा शब्द वापरतात. पहिल्या शब्दाचा उच्चार ‘वाउंडेड’ असा करू नये, कारण ‘वाउंड’ हे ‘गुंडाळले’ या अर्थाचे वेगळेच क्रियापद आहे.

जुन्या मराठीचा आधार घ्यावा

युद्धाची शब्दसंपत्ती मराठीत तोकडी नाही. बखरी आणि पत्रव्यवहार यांतून आलेले शब्द आपल्या तोंडी आजही आहेत आणि ते इंग्रजी शब्दांशी आश्चर्य वाटावे इतके नेमके जुळतात. म्हणून इंग्रजी शब्द पाठ करताना त्याच्यापुढे स्पष्टीकरण लिहिण्याऐवजी आपला एक पक्का शब्द लिहावा. ‘सीज’ म्हणजे वेढा, ‘गॅरिसन’ म्हणजे शिबंदी (ठाण्यात राखणीला ठेवलेले सैन्य), ‘रीइन्फोर्समेंट्स’ म्हणजे कुमक, ‘सप्लाइज’ म्हणजे रसद, ‘ट्रेंच’ म्हणजे खंदक, ‘स्कर्मिश’ म्हणजे चकमक, ‘रीअरगार्ड’ म्हणजे पिछाडी. ‘ॲम्युनिशन’ला दारूगोळा हा शब्द इतका चपखल आहे की दुसरा शोधण्याची गरजच नाही. ‘गरिला वॉरफेअर’ म्हणजे गनिमी कावा. त्यातील ‘गरिला’ हा शब्द स्पॅनिश असून त्याचा मूळ अर्थ ‘छोटे युद्ध’ असा आहे, आणि १८०८ पासून स्पेनमध्ये नेपोलियनच्या सैन्याविरुद्ध जो लढा चालला त्यातून तो इंग्रजीत रुळला. वानराच्या ‘गरिला’शी त्याचा उच्चार जुळतो, मात्र स्पेलिंग वेगळे आहे.

ही जोडणी करताना क्रियेच्या हेतूकडे लक्ष द्यावे, कारण इंग्रजीत हल्ल्याचे शब्द हेतूवरून वेगळे होतात. ‘रेड’ म्हणजे छापा: झटकन जायचे, काम उरकायचे आणि परतायचे. ‘ॲम्बुश’मध्ये शत्रू आपल्याकडे येत असतो आणि आपण दबा धरून बसलेलो असतो. ‘असॉल्ट’ म्हणजे एखाद्या ठाण्यावर थेट तुटून पडणे. ‘ऑफेन्सिव्ह’ हा शब्द विशेषण म्हणून आला तर आक्षेपार्ह किंवा चढाईचा, पण नाम म्हणून आला तर कित्येक दिवस वा आठवडे चालणारी मोठी चढाई, आणि वाक्यातील त्याची जागा पाहिल्याशिवाय अर्थ ठरवता येत नाही. ‘इन्कर्जन’ म्हणजे सीमा ओलांडून केलेली मर्यादित घुसखोरी, तर ‘इन्व्हेजन’ म्हणजे मुलूख ताब्यात घेण्यासाठी केलेले आक्रमण. त्यापुढची पायरी ‘ऑक्युपेशन’, म्हणजे प्रदेश प्रत्यक्ष ताब्यात ठेवणे, आणि शेवटची ‘ॲनेक्सेशन’, म्हणजे तो आपल्या राज्यात समाविष्ट झाल्याचे जाहीर करणे. या शेवटच्या शब्दाला आपल्याकडे ‘खालसा करणे’ हा तयार वाक्प्रयोग आहे. ताबा आणि विलीनीकरण यांतला फरक बातमीत पुसला गेला, तर लष्करी परिस्थिती आणि कायदेशीर दावा यांची गल्लत होते.

माघारीच्या शब्दांतही असेच टप्पे आहेत. ‘विथड्रॉवल’ म्हणजे ठरवून, शिस्तीने मागे येणे. ‘रिट्रीट’ म्हणजे शत्रूच्या दबावाखाली मागे हटणे. ‘राउट’ म्हणजे दाणादाण उडून पळ काढणे. स्वतःच्या माघारीला प्रत्येक सेना पहिला शब्द वापरते आणि शत्रूच्या माघारीला तिसरा, त्यामुळे शब्द कोणाच्या तोंडचा आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

युद्ध थांबण्याचे चार शब्द

या ठिकाणी मराठी लेखनात सर्वाधिक घोळ होतो, म्हणून थोडे थांबून समजून घ्यावे. ‘सीजफायर’ म्हणजे गोळीबार थांबवणे, एवढेच. त्यासाठी आपण ‘शस्त्रसंधी’ हा शब्द वापरतो. ‘ट्रूस’ ही ठरावीक कारणासाठी, बहुधा थोड्या काळापुरती केलेली तहकुबी असते: मृतदेह उचलण्यासाठी, सणाच्या दिवसापुरती किंवा बोलणी सुरू करण्यासाठी. ‘आर्मिस्टिस’ हा दोन्ही बाजूंनी सही केलेला युद्धविरामाचा औपचारिक करार असतो, आणि ‘पीस ट्रीटी’ म्हणजे युद्धाची कायदेशीर अखेर करणारा तह. पहिल्या महायुद्धातील लढाई ११ नोव्हेंबर १९१८ रोजी ‘आर्मिस्टिस’ने थांबली, परंतु जर्मनीशी व्हर्सायचा तह झाला तो २८ जून १९१९ रोजी. कोरियात २७ जुलै १९५३ रोजी ‘आर्मिस्टिस’वर सह्या झाल्या आणि त्यानंतर तह झालाच नाही, म्हणून ‘कोरियन युद्ध १९५३ मध्ये तहाने संपले’ हे वाक्य चुकीचे ठरते.

‘युद्धबंदी’ या मराठी शब्दाबाबत विशेष सावध राहावे. तो युद्ध बंद होणे या अर्थीही वापरला जातो आणि युद्धात पकडलेला माणूस या अर्थीही. एकाच बातमीत शस्त्रसंधी आणि कैद्यांची अदलाबदल असे दोन्ही विषय असतील, आणि ते बहुतेक वेळा असतातच, तर हा शब्द वाचकाला गोंधळात टाकतो. ‘प्रिझनर ऑफ वॉर’साठी ‘युद्धकैदी’ लिहावे आणि ‘युद्धबंदी’ हा शब्द बाजूला ठेवावा, असे माझे मत आहे.

तुकड्या आणि हुद्दे

मराठीत आपण दहा जणांनाही तुकडी म्हणतो आणि दहा हजारांनाही. इंग्रजीत तसे चालत नाही, म्हणून पायदळाची चढती रचना एकदा लिहून काढावी. सुमारे दहा सैनिकांचे ‘सेक्शन’ किंवा अमेरिकी इंग्रजीतील ‘स्क्वॉड’, तीस-चाळीस जणांची ‘प्लाटून’, शंभर ते दीडशे किंवा थोड्या अधिक सैनिकांची ‘कंपनी’, काही शे ते हजारापर्यंतची ‘बटालियन’, काही बटालियन मिळून ‘ब्रिगेड’, आणि दहा ते वीस हजारांच्या आसपास ‘डिव्हिजन’. त्याच्या वर दोन किंवा अधिक डिव्हिजनची ‘कोर’ असते. देशोदेशी आकडे कमीजास्त होतात, परंतु चढता क्रम सहसा बदलत नाही. ‘रेजिमेंट’ला या उतरंडीत एक ठाम जागा देता येत नाही, ब्रिटिश परंपरेत ती सैनिकांची ओळख, इतिहास आणि निशाण जपणारी संस्था असते, तर अन्यत्र ती प्रत्यक्ष लढणारी तुकडीही असते.

‘कोर’च्या उच्चाराकडे लक्ष द्यावे. स्पेलिंगच्या शेवटी आलेली दोन अक्षरे उच्चारत नाहीत. ती उच्चारून ‘कॉर्प्स’ म्हटले तर ऐकणाऱ्याला ‘मृतदेह’ असा वेगळाच शब्द ऐकू येतो. अनेकवचनात स्पेलिंग तेच राहते, मात्र उच्चार ‘कोर्झ’ होतो. ‘कर्नल’चे स्पेलिंग पाहून त्यात ‘र’ कुठून आला असे प्रत्येकाला वाटते. हा शब्द फ्रेंचमधून दोन रूपांत आला, एक ‘र’चे आणि एक ‘ल’चे; इंग्रजांनी लेखनासाठी ‘ल’ स्वीकारला आणि बोलण्यात ‘र’ टिकवून ठेवला. ‘लेफ्टनंट’ हा ब्रिटिश उच्चार, तर अमेरिकेत ‘लूटेनंट’ म्हणतात. ‘बॉम्ब’ आणि ‘बॉम्बर’ या शब्दांतला शेवटचा ‘ब’ इंग्रजीत मुका असतो, आणि ‘सोर्ड’मधला ‘व’ही.

हुद्द्यांत एक जागा हमखास अडखळायला लावणारी आहे. मेजर हा लेफ्टनंटपेक्षा वरचा, मग लेफ्टनंट जनरल हा मेजर जनरलपेक्षा वरचा कसा? लेफ्टनंट या शब्दाचा मूळ फ्रेंच अर्थ ‘जागा सांभाळणारा’ असा आहे, म्हणून लेफ्टनंट जनरल म्हणजे जनरलच्या गैरहजेरीत त्याचे काम पाहणारा. मेजर जनरल या हुद्द्याचे सतराव्या शतकातील पूर्ण नाव ‘सार्जंट मेजर जनरल’ असे होते. त्यातला ‘सार्जंट’ पुढे गळाला आणि उरलेले नाव वाटते तितके मोठे नव्हते. कारण कळले की क्रम पाठ करावा लागत नाही. ‘कॅप्टन’ या हुद्द्याचेही तसेच: भूदलातील कॅप्टन हा तुलनेने कनिष्ठ अधिकारी असतो, पण नौदलातील कॅप्टन भूदलातील कर्नलच्या बरोबरीचा असतो. तेव्हा आधी दल कोणते ते पाहावे. ‘आर्मी’ म्हणजे फक्त भूदल. तिन्ही दलांना मिळून ‘आर्म्ड फोर्सेस’ म्हणतात, आणि आपला ‘सेना’ हा शब्द दोन्हीकडे चालत असल्यामुळे इंग्रजी लिहिताना ही चूक सहज होते.

‘ट्रूप्स’ हे अनेकवचन सैनिकांची संख्या सांगते, जसे ‘फाइव्ह थाउजंड ट्रूप्स’ म्हणजे पाच हजार सैनिक. पण एका सैनिकाला ‘अ ट्रूप’ म्हणत नाहीत, कारण एकवचनात तो शब्द एका तुकडीचा होतो. ‘पर्सोनेल’ म्हणजे कर्मचारी वा जवान, आणि त्याचा शेवट ठासून उच्चारावा, म्हणजे ‘पर्सनल’शी गल्लत होणार नाही. ‘एअरक्राफ्ट’ एकवचनात आणि अनेकवचनात सारखाच राहतो.

ओळखीचे शब्द, अनोळखी अर्थ

ज्या शब्दांसाठी आपण शब्दकोश उघडतच नाही, ते सर्वांत धोक्याचे असतात. ‘थिएटर’ म्हणजे युद्धाचा विस्तृत प्रदेश, ‘एंगेज’ म्हणजे शत्रूशी भिडणे, ‘प्रायव्हेट’ म्हणजे साधा शिपाई, ‘इंटेलिजन्स’ म्हणजे गुप्त वार्ता, ‘चार्ज’ म्हणजे धावून जाऊन केलेला हल्ला, ‘मॅगझिन’ म्हणजे बंदुकीतील काडतुसांची पेटी किंवा दारूगोळ्याचे कोठार. या शेवटच्या शब्दाचे मूळ अरबी असून त्याचा अर्थच कोठार असा आहे. लेखांचे कोठार या अर्थाने तो नियतकालिकाला नंतर चिकटला. ‘शेल’ म्हणजे तोफगोळा. ‘कार्ट्रिज’ म्हणजे पूर्ण काडतूस, ‘बुलेट’ म्हणजे त्याच्या टोकाची गोळी, आणि ‘राउंड’ म्हणजे एकदा झाडायचा बार, म्हणून ‘थ्री राउंड्स’ म्हणजे तीन फेऱ्या नव्हेत.

काही शस्त्रनामांच्या मागे लहानशी हकीकत असते आणि ती ठाऊक असली की शब्द मनात घट्ट बसतो. सोमच्या त्याच लढाईत १५ सप्टेंबर १९१६ रोजी प्रथम उतरलेल्या चिलखती वाहनांचे गुपित फुटू नये म्हणून ती पाण्याच्या टाक्या असल्याचे भासवले गेले, आणि ‘टँक’ हे नाव कायम राहिले. ‘श्रॅपनेल’ हे ब्रिटिश तोफखान्यातील हेन्री श्रॅपनेल या अधिकाऱ्याचे आडनाव आहे. त्याने हवेत फुटून गोळ्या विखुरणारा गोळा तयार केला, आणि आज स्फोटातून उडणाऱ्या कोणत्याही तुकड्याला तोच शब्द लावतात. ‘ग्रेनेड’चे नाव डाळिंबाच्या फ्रेंच नावावरून आले आहे. ‘खाकी’ आणि ‘लूट’ हे शब्द तर इंग्रजांनी इकडूनच उचलले. शस्त्रांच्या जातींची यादी मात्र पाठ करत बसू नये. ‘मिसाइल’ बहुधा मार्गदर्शित असते आणि साध्या ‘रॉकेट’ला दिशा सुटण्यापूर्वीच द्यावी लागते, एवढा भेद बातमी वाचण्यासाठी बहुतेक वेळा पुरतो.

सौम्य शब्द ओळखणे

युद्धाचे वर्णन करणारे शब्द सरकारे जाणीवपूर्वक निवडतात आणि त्या निवडीला परिणाम असतात. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबाकडे जाणारी शस्त्रास्त्रे समुद्रात अडवण्याचा निर्णय राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी जाहीर केला, तेव्हा त्यांनी ‘ब्लॉकेड’ म्हणजे नाकेबंदी हा शब्द टाळून ‘क्वारंटीन’ हा शब्द वापरला, कारण आंतरराष्ट्रीय कायद्यात नाकेबंदी ही युद्धकृती मानली जाते. १९५० मध्ये कोरियातील लढाईला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ‘पोलीस ॲक्शन’ हे वर्णन मान्य केले, आणि २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर सुरू केलेल्या आक्रमणाला रशियाने ‘विशेष लष्करी कारवाई’ म्हटले. युद्ध जाहीर न करण्याची ही पळवाट लक्षात घेऊनच १९४९ च्या जिनिव्हा करारांत जाहीर युद्धाबरोबर ‘आर्म्ड कॉन्फ्लिक्ट’ म्हणजे सशस्त्र संघर्ष हे व्यापक शब्द घातले गेले, म्हणजे नाव काहीही दिले तरी जखमींना आणि कैद्यांना संरक्षण मिळते.

यासाठी मी एक नियम पाळतो: असा शब्द वक्त्याच्या नावासह अवतरणात ठेवावा आणि निवेदनाच्या ओघात आपला साधा शब्द वापरावा. ‘कोलॅटरल डॅमेज’ म्हणजे लष्करी लक्ष्यावर मारा करताना झालेली नागरिकांची हत्या किंवा मालमत्तेची हानी; ‘आनुषंगिक नुकसान’ असे लिहिले तर त्यातील माणसे दिसेनाशी होतात. ‘न्यूट्रलाइज’ हा शब्द माणसांबाबत आला तर बहुधा ठार करणेच अभिप्रेत असते, पण पकडले गेले की मारले गेले हे पुढच्या मजकुरात तपासावे. ‘फ्रेंडली फायर’ म्हणजे आपल्याच सैन्याचा आपल्यावर झालेला मारा, आणि त्याचे शब्दशः भाषांतर कधीही करू नये.

सराव कसा करावा

सुटे शब्द टिकत नाहीत, म्हणून प्रत्येक नाम त्याच्या क्रियापदासह वहीत उतरवावे. इंग्रजीत युद्ध ‘वेज’ करतात, वेढा ‘ले’ करतात, चढाई ‘लाँच’ करतात, गोळीबार ‘ओपन’ करतात, हानी ‘सस्टेन’ करतात आणि सैन्य ‘डिप्लॉय’ करतात. चालू असलेला एखादा संघर्ष निवडून त्याच्या बातम्या महिनाभर रोज वाचाव्यात. विषय तोच राहिल्यामुळे तेच शब्द वेगवेगळ्या जोडीदारांसह पुन्हा पुन्हा भेटतात. रोज एक वाक्य घेऊन त्याचे मराठी करावे आणि प्रत्येक शब्दाला जाब विचारावा.

एक वाक्य घेऊ: ‘आफ्टर अ थ्री-डे सीज द गॅरिसन लेड डाउन इट्स आर्म्स, द अटॅकर्स हॅड सस्टेन्ड टू हंड्रेड कॅज्युअल्टीज, इन्क्लूडिंग फॉर्टी किल्ड.’ येथे ‘सीज’ला वेढा आणि ‘गॅरिसन’ला शिबंदी हे शब्द तयार आहेत. ‘आर्म्स’ म्हणजे बाहू नव्हेत, शस्त्रे. आणि ‘ले डाउन’ या क्रियापदासह ती शरणागतीची खूण आहे. ‘हॅड’मुळे हल्लेखोरांची हानी शरणागतीच्या आधीच झालेली होती हे कळते, म्हणून मराठीत ‘तोपर्यंत’ हा शब्द घालावा लागतो. दोनशेच्या आकड्यात चाळीस मृत धरलेले आहेत. ते वेगळे मानून बेरीज दोनशे चाळीस करू नये. उरलेले एकशे साठ सगळे जखमी होते असेही वाक्य सांगत नाही, कारण त्यांत बेपत्ता असू शकतात. हे सारे जमेस धरून मी लिहीन: ‘तीन दिवसांच्या वेढ्यानंतर शिबंदीने शस्त्रे खाली ठेवली, तोपर्यंत हल्लेखोरांपैकी दोनशे जण लढाईतून बाद झाले होते आणि त्यांपैकी चाळीस ठार झाले होते.’